चातुर्मासातली आरामखुर्ची

खुर्ची आपण स्वतःच घासायची, असं मोरोपंतांनी ठरवलं तेव्हा सहदेव सुतार दारातच उभा होता आणि पुढचं सगळं अजून टळण्यासारखं होतं.

"पंत, मले द्या. दोन दिसात चपड्याचं पालिश मारून आरशावानी करून देतो."

"नको. मी करीन."

"तुमी? काहून?"

काहूनचं उत्तर पंतांच्या खिशात होतं. अंजनगावहून सासऱ्यांचं, गोपाळकृष्णशास्त्र्यांचं, कार्ड आलं होतं : 'एकादशीस अमरावतीस येत आहे. लग्नात दिलेल्या सागवानी आरामखुर्चीची आपल्याकडे आबाळ होते असे कळते. तसे दिसल्यास ती अकोल्यास हेमचंद्रांकडे पाठवावी लागेल.' हेमचंद्र म्हणजे धाकटे जावई, वकील. (घड्याळं दुरुस्त करतात, तबला वाजवतात, एकूण माणूस असह्य.) मोरोपंतांना मात्र सासऱ्यांनी तीस वर्षांत 'बरं आहे ना?' यापलीकडे शाबासकी दिली नव्हती.

पंत हट्टाला पेटले. काचेच्या तुकड्यानं तीन दिवस त्यांनी जुनं पॉलिश खरवडलं. बोटं सोलली, धोतर फाटलं, पण सागाचा मधासारखा रंग वर आला. राहिला शेवटचा हात. विलायतेस परतलेल्या एका साहेबाच्या लिलावात मिळालेलं इंग्रजी पुस्तक सांगत होतं : उकळलेलं जवसाचं तेल चोळावं.

दशमीला पंतांच्या पत्नी गोदावरीबाई देवळात गेल्या होत्या. पंतांनी चुलीजवळचा झाकलेला पितळी गंज उघडला. तेल जवसाचं होतं, आणि चांगलं उकळलेलंही. मनगट दुखेपर्यंत ते त्यांनी खुर्चीत जिरवलं. (वास? चाळीस वर्षं तपकीर ओढून पंतांचं नाक चष्मा टेकवण्यापुरतंच उरलं होतं.)

एकादशीला शास्त्रीबुवा आले. ओसरीवर खुर्ची झळकत होती. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे कोणी केलं?"

"मीच," पंत म्हणाले.

शास्त्रीबुवा बसले, रेलले. मग त्यांचं नाक हललं.

"गोदू, आज एकादशी ना?"

"हो अण्णा."

"मग कांद्याची भजी कोण तळतंय?"

"अगबाई, भलतंच! परवा कांदेनवमी झाली. आता कार्तिकापर्यंत घरात कांदा नाही."

शास्त्रीबुवांनी स्वयंपाकघर पाहिलं, फडताळ पाहिलं, शेजाऱ्यांच्या कुंपणावरून डोकावूनही झालं. शेवटी ते परत आले आणि वाकून खुर्चीचा हात हुंगू लागले. गोदावरीबाईंचा चेहरा उतरला.

"अहो, भज्यांच्या तळणीचं तेल होतं गंजात. ते कुठं गेलं?"

"पुस्तकात उकळलेलं जवसाचं तेल—"

"पुस्तकात भजी तळून उकळा, असं होतं का?"

पंतांनी डोळे मिटले. खुर्ची अकोल्याला पोचली होती आणि हेमचंद्र तीत बसून तबला वाजवत होते.

शास्त्रीबुवा सकाळपासून उपाशी होते. ते पुन्हा खुर्चीत बसले. मान हळूच हाताच्या फळीकडे कलली. एक दीर्घ श्वास.

"हुंगल्यानं व्रत मोडतं, असं माझ्या तरी वाचनात नाही," ते म्हणाले. "खुर्ची इथंच राहील."

पंतांची छाती फुगली.

"आणि मीही."

दोन दिवसांसाठी आलेले शास्त्रीबुवा चातुर्मास संपेपर्यंत राहिले, त्याच खुर्चीत. पंत समोर पाटावर. निघताना शास्त्रीबुवांनी जन्मात पहिल्यांदा थोरल्या जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"मोरोपंत, हेमचंद्रांना हे जमलं नसतं."

पंत पाया पडायला वाकले.

"फक्त वास उतरत चाललाय. पुढच्या कांदेनवमीला आणखी एक हात द्या. आणि तळणीत थोडा लसूण टाकायला सांगा गोदूला. मी दशमीलाच येतो."