शालन कासार, दोन रुपये

आमच्या गावात माणूस मेला की त्याचं नाणं होतं. घरचे डोळे पुसून वळतात तोवर अंथरुणावर नाणं उरलेलं असतं. कोण किती रुपयांचं होईल हे आधी सांगता येत नाही. पेठेतले सावकार एका रुपयाचे झाले. त्यांच्या मुलांनी केलेला फेरविचाराचा अर्ज अजून नगरपालिकेत पडून आहे. त्यांच्याच घरी भांडी घासणाऱ्या अनसूयाबाई वीस रुपयांच्या झाल्या. बाहेरगावी माणसं नुसतीच मरतात, असं ऐकते.

मी इथल्या बालवाडीत बावीस वर्षं शिकवते आहे. इतर ठिकाणी मुलांना आधी अक्षरं शिकवतात. आम्ही आधी नाणी शिकवतो.

यंदा भाद्रपदात बांगड्या भरणारी शालन कासार काविळीनं गेली आणि दोन रुपयांची झाली. मागे राहिली रेणू, पाच वर्षांची. नवरा शालनला रेणू पोटात असतानाच सोडून गेला होता. कराडहून शालनचे भाऊ दिगंबर आले. ते तिथे वेल्डिंगचं काम करतात. भाचीला घेऊन लगेच परतायचं, असं ठरवून आले होते. पण नाणं नगरपालिकेत जमा होतं, आणि नियमाप्रमाणे तेराव्या दिवशी सगळ्यांत जवळच्या रक्ताच्या माणसानं ते साध्या नाण्यांत मिसळून ठेवलेल्या ताटातून ओळखायचं असतं. ओळखलं तर घरी मिळतं. नाही तर चलनात जातं.

नगरपालिकेत मीही त्यांच्याबरोबर गेले. "मी सख्खा भाऊ आहे," दिगंबर म्हणाले.

"मूल असताना भाऊ चालत नाही," नाणे विभागाचे हिरवे साहेब म्हणाले. "मुलीनं तीन गोष्टी करायच्या. कोणतं नाणं किती रुपयांचं ते सांगायचं. ताटातली सगळी नाणी मोजायची. आणि आपलं माणूस उचलायचं."

"अहो, पाच वर्षांची पोर ती. तिला नाणी कुठली कळतात?"

"मग शिकवा. अजून नऊ दिवस आहेत." हिरवे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांची आई पाच रुपयांची आहे आणि ते तिला शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात.

बाहेर आल्यावर दिगंबर मला म्हणाले, "बाई, दोन रुपयांसाठी मी नऊ दिवस काम बुडवू?" ते बाहेरगावचे होते. पण थांबले.

रेणूला मोजणं येत होतं. बांगड्या डझनावर जातात, त्यामुळे बारापर्यंत ती पाण्यासारखं म्हणायची. नाणी मात्र तिला ठाऊक नव्हती; शालन तिला बालवाडीत न घालता बांगड्या भरायला बरोबर न्यायची. पैसे मात्र स्वतःच्या कनवटीला ठेवायची. मी नाण्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासायला दिली. कापडी पिशवीत हात घालून, न बघता नाणं ओळखायला लावलं. वीसला कोपरे लागतात, पाच जाड लागतं, हे तिला दोन दिवसांत समजलं. दहाला ती 'डोळा' म्हणायची, कारण त्याला मधे एक रंग आणि भोवती दुसरा. एक आणि दोन यांत घोळ व्हायचा. सगळ्याच मुलांचा होतो. सहाव्या दिवशी तोही गेला. तिची बोटं आईसारखीच होती. शालन मनगटाला नुसता हात लावून माप सांगायची.

तेराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता हिरवे साहेबांनी स्टीलचं ताट टेबलावर ठेवलं. रेणूला खुर्चीवर उभं केलं. तिनं प्रत्येक नाणं किती रुपयांचं ते बरोबर सांगितलं. मग मोजायला लागली.

"दहा," ती म्हणाली.

"परत मोज."

तिनं एकेका नाण्यावर बोट ठेवून परत मोजलं. "दहा."

"अकरा आहेत, बाळ."

रेणूनं ताटाच्या कडेच्या एका दोन रुपयांवर बोट ठेवलं. "ही आई आहे. ती पैसे नाहीये."

हिरवे साहेबांनी ते नाणं उचलून चष्म्याजवळ धरलं, नोंदवही उघडली, खूण ताडून पाहिली आणि नाणं परत ताटात ठेवलं. मग त्यांनी लिहिलं : ओळख बरोबर, निवड बरोबर, मोजणी चूक.

"साहेब, तिनं आईला ओळखलं की," मी म्हणाले.

"ओळखलं. पण रकाने तीन आहेत." त्यांनी वहीतून मान वर केली नाही. "दुसरी संधी तीन वाजता. त्यानंतर नाही."

आम्ही आवारातल्या कडुनिंबाखाली बसलो. दिगंबरांनी केळी आणली. रेणूनं खाल्ली नाहीत.

"रेणू, तीन वाजता अकरा म्हणायचं," मी म्हणाले.

"पण दहाच आहेत."

"आईला धरून अकरा."

"तिला कशाला धरायचं?"

मी तिला माझ्या दादांचं सांगितलं. माझे वडील एका रुपयाचे झाले तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठपर्यंतच यायचं. ताटात तेरा होती.

"मग?"

"मग ते चलनात गेले."

"म्हणजे कुठे?"

"कुणाच्या तरी खिशात. पानाच्या टपरीवर. देवळातल्या पेटीत."

"तुम्ही शोधलं नाही?"

"अजून शोधते."

रेणू बराच वेळ जमिनीवरच्या निंबोळ्या इकडच्या तिकडे करत राहिली. मग तिनं विचारलं, "एकदाच मोजायचं ना?"

"एकदाच."

"तिला ऐकू येईल?"

"मला माहीत नाही गं."

"मग मी हळू म्हणते."

तीन वाजता ती पुन्हा खुर्चीवर उभी राहिली. एकपासून दहापर्यंत तिनं खणखणीत मोजलं. कडेच्या नाण्यावर बोट ठेवलं, आणि तोंड दुसरीकडे वळवून काहीतरी पुटपुटली. टेबलावर ओणवे झालेल्या हिरवे साहेबांनाही ते ऐकू आलं नसावं. मोजणी स्पष्ट उच्चारात असावी, असं नियमात आहे. त्यांनी वहीत 'अकरा' लिहिलं आणि सही केली. दिगंबर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे होते. ते मागच्या वर्षीचं होतं.

बावीस वर्षांत एखाद्या मुलानं बरोबर मोजलं आणि मी शाब्बास म्हटलं नाही, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

नाणं हातात आल्यावर रेणूनं ते फ्रॉकला पुसलं. पायऱ्या उतरताना म्हणाली, "बाई, आता ती पैसे झाली का?"

"कागदावर झाली."

"मी म्हटलं म्हणून?"

मी तिला उचलून घेतलं. पाच वर्षांच्या मुलीला एवढं लांब कडेवर नेता येत नाही, पण स्टँडपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही.

कराडची गाडी लागलेली होती. मी त्यांना बसवून द्यायला आत चढले. तिघांच्या बाकावर रेणू खिडकीशी बसली, कडेला दिगंबर. मधल्या जागेवर रेणूनं आपली मूठ ठेवली आणि उघडली. कंडक्टर आला. "किती जण?"

"दोन," दिगंबर म्हणाले.

"तीन," रेणू म्हणाली.

कंडक्टर बाहेरच्या डेपोचा होता. त्यानं एक पूर्ण आणि एक अर्धं फाडलं. मी खाली उतरून खिडकीशी उभी राहिले. गाडी भरत आली होती. भाजीची पाटी घेतलेल्या एक बाई बाकाशी येऊन थांबल्या. त्यांनी मधल्या जागेकडे बघून विचारलं, "हितं कुणी हाय का?"

दिगंबरांनी मधल्या जागेवरच्या नाण्याकडे पाहिलं. कंडक्टरनं घंटी दिली.

"आहे," ते म्हणाले. "माझी बहीण आहे." आणि ते उठून उभे राहिले, त्या बाईंना आपली जागा दिली.