कोटाची खोली

आमच्या ब्राह्मणपुरीत अक्कल असलेला माणूस एकच आणि तो म्हणजे मी, चुनीलाल पाटील. हे मी स्वतःच सांगतो, कारण गावात दुसऱ्या कुणाला ते समजण्याइतकी अक्कल नाही! व्हर्नाक्युलर फायनल मी पहिल्या खेपेला पास झालो. धुळ्याला सात वेळा जाऊन आलो. गावातली बाकीची मंडळी शहाद्याच्या बाजाराला जाऊन आली तरी विलायतेहून परतल्यासारखी चार दिवस बोलत राहतात.

तर धुळ्याच्या त्या सातव्या खेपेत मी एका साहेबाचा बंगला पाहिला. साहेब दौऱ्यावर होता आणि त्याचा खानसामा माझ्या ओळखीचा निघाला. त्याने मला एक खोली उघडून दाखवली. चांगली माणसाने आत चालत जावं, फिरावं, हात पसरावेत अशी! एका भिंतीला आडवा दांडा, त्यावर ओळीने कोट. समोर पुरुषभर आरसा. दोन खिडक्या.

"इथं कोण राहतं?" मी विचारलं.

"कपडे," खानसामा म्हणाला.

मी तिथेच ठरवलं की अशी खोली माझ्या घरात झालीच पाहिजे! हौस म्हणून नव्हे, मला ती गरज होती. दोन वर्षांमागे शहाद्याला कापसाचं प्रदर्शन भरलं होतं. पुढे खुर्च्या, मागे जाजम. मी दिमाखात खुर्चीकडे निघालो तर शिपायाने मला अडवलं.

"ओ पाटील, तठे मांगे बठा. खुर्च्या कोटवाला लोकेसले शेतस."

"मन्हा अंगवर काय शे मंग?"

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हाऊ कोट शे?"

कोटच होता! फक्त वर्षभर वलणीवर घड्या पडून लोंबलेला होता, आणि आतल्या खिशात राहिलेल्या गुळाच्या खड्यापायी उंदराने त्या खिशाला तळाशी भोक पाडलं होतं. मी जाजमावर बसलो. आणि माझ्या नाकासमोर खुर्चीत कोण बसलं? कळसाडीचा हिलाल पाटील! मराठी तिसरीत तीन वर्षं काढलेला हिलाल! त्याने मान वळवून मला रामराम केला. तो रामराम मला अजून टोचतो.

आता १९३५ साल उजाडलं होतं. बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षं होणार म्हणून मे महिन्यात शहाद्याला मोठा दरबार भरायचा होता. प्रांतसाहेब स्वतः येणार होते. आमंत्रणाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, 'योग्य पोशाखात येणारांस खुर्ची मिळेल.' यावेळी मी खुर्चीत बसणार आणि हिलालला मान वळवून रामराम करणार! त्यासाठी कोट नीट राहायला हवा आणि कोट नीट राहायला खोली हवी. इतकं सरळ होतं.

घरात सांगितलं तर बायको छबूबाई भाकरी थापता थापता थांबली.

"कपडासले खोली? आनि माणसं कोठे निजतीन?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. महत्त्वाचं बोलायचं असलं की मी शुद्ध बोलतो. राग आला की मात्र माझं फायनल गळून पडतं आणि अहिराणी बाहेर येते.

माझी फुई धनुबाई, म्हणजे वडिलांची बहीण, चुलीशी बसली होती. आमच्या घरातला दाणा, डाळ, मिरची या सगळ्यावर तिचा हुकूम चालतो. तिने नुसती मान डोलावली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग दोधू सुताराला बोलावलं. दोधू म्हणजे नांगर, वखर, बैलगाडी आणि धान्याची कोठारं, यापलीकडे ज्याचं डोकं कधी गेलं नाही असा गृहस्थ. मी त्याच्यासमोर कागदावरचा नकाशा पसरला. रूळ लावून काढला होता! पडवीच्या टोकाला खोली, पुरुषभर दार, दोन खिडक्या, आडवा दांडा, आरशाची जागा. दोधूने नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"दादा, कपडा कितला शेतस?"

एक कोट, एक रेशमी फेटा, दोन उपरणी आणि तीन धोतरं. पण हे सुताराला कशाला सांगायचं? "तुला काय करायचंय? सांगितलं तसं बांध. वस्तू चांगली राहिली पाहिजे, बस!"

"चांगली ऱ्हाई, दादा! काही फिकीर करू नका!"

मी फिकीर केली नाही. नवापूरकडे मावसभावाचं लग्न होतं, तिकडे आठ दिवस गेलो. तिथल्या मांडवात माझ्या खोलीचं वर्णन मी इतक्या वेळा केलं की नवरदेवाला कुणी विचारेना!

परत आलो तर दोधू खोलीसमोर हात बांधून उभा होता, आणि खोलीला खिडकी एकही नव्हती. भिंती शेणामातीने गुळगुळीत लिंपलेल्या. दार माझ्या छातीएवढं, आणि त्याला गुडघ्याएवढा उंच उंबरा. आणि खाली, जमिनीलगत, एक वीतभर चौकोनी भोक, त्याला लाकडी खुट्टी ठोकलेली! दाणा काढायला कोठाराला ठेवतात, अगदी तसं!

"खिडक्या कुठायत?" मी ओरडलो.

"खिडकी कसाले, दादा? खिडकीमाईन उंदीर येस, पाखरं येतस. आते देखा, मुंगी बी मझार जावाव नही!"

"आनि माणूस कसा जाई?"

"वाकीसन!"

"अरे, कोठार नही, कपडानी खोली सांगी व्हती तुले!"

"तीच तं शे," दोधू शांतपणे म्हणाला. "आजलोंग वीस कोठारं बनाडात मी. एक बी दाणाले किडा नही लागना. तुम्हीनच सांगं, वस्तू चांगली ऱ्हावाले पाह्यजे."

हा माणूस मूर्ख आहे हे मला माहीत होतं. पण इतका निष्ठेने मूर्ख असेल असं वाटलं नव्हतं! दरबाराला पंधराच दिवस उरले होते, पाडून बांधायला वेळ नव्हता. चालत जायच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तो रांगत! आत गुडुप अंधार. आरसा लावला तर त्यात अंधारच दिसला. एक मात्र कबूल करतो, दांडा नकाशाप्रमाणे होता. त्यावर मी कोट टांगला, फेटा ठेवला आणि रांगतच बाहेर आलो. पाहायला जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, "साहेबलोक अशीच ठेवतात. उजेडाने रंग उडतो!" त्या बावळटांनी माना डोलावल्या.

आता मे महिन्यात आमच्याकडे काय चालतं? वर्षाची साठवण! गहू उन्हात वाळतो, तूर भरडतात, मिरच्यांचे ढीग लाल होऊन पडतात. अशा दिवसांत घरात नवंकोरं, कोरडं, उंदीर न शिरणारं कोठार रिकामं उभं असल्यावर बायका स्वस्थ बसतील? चौथ्या दिवशी कोटाखाली गव्हाचं एक पोतं दिसलं.

"हे काय?"

"एकच पोतं शे," छबूबाई म्हणाली. "तुम्हना कोटले काय जड व्हई ऱ्हायनं?"

आठव्या दिवशी पोती सात झाली. दहाव्या दिवशी तुरीची डाळ आली आणि मागोमाग मिरच्या. मी दारात ओणवा होऊन भांडत होतो आणि त्या दोघी माझ्या पाठीवरून टोपल्या आत देत होत्या! शेवटी मी एकच अट घातली, कोटाला आणि फेट्याला धक्का लागता कामा नये.

"लागाव नही," धनुफुई म्हणाली. "मी स्वताच ध्यान ठेवसू."

आणि तिने ध्यान ठेवलं. फारच ठेवलं!

दरबाराच्या दिवशी सकाळी छबूबाईने कोट-फेटा पांढऱ्या फडक्यात बांधून गाडीत ठेवला. रस्त्याची धूळ बसू नये म्हणून मी गठडं थेट शहाद्याच्या धर्मशाळेत सोडलं. कोट जरा राखाडी वाटला, म्हटलं उन्हाने डोळे दिपले असतील. अंगात घातला तर जड लागला, म्हटलं लोकर जुनी झाली की भारदस्त होते. फेट्याला तर अशी चकाकी आली होती की काय सांगू! मी मनात म्हटलं, शेवटी खोली उपयोगी पडली. थोडा ठसका लागला, तो मी लग्नातल्या तेलकट जिलबीच्या नावावर टाकला.

मंडपाशी तोच शिपाई होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, चकाकत्या फेट्याकडे पाहिलं आणि चक्क सलाम केला! पहिल्या रांगेत तिसरी खुर्ची! हिलाल माझ्या मागच्या रांगेत होता. मी सावकाश मान वळवली आणि त्याला रामराम केला. दोन वर्षांचं दुखणं त्या एका रामरामाने बरं झालं.

मग ऐटीत पाठ टेकली. पाठीमागे काहीतरी कुरकुर वाजलं, वाळका पाला चुरगळावा तसं. खुर्ची जुनी असेल म्हणून मी आणखी जोरात टेकलो.

मामलेदारसाहेबांचं भाषण सुरू झालं. मे महिन्याचं ऊन, अंगात लोकरीचा कोट! घाम फुटला. फेट्यातून काहीतरी चिकट, कोमट असं कपाळावर उतरलं आणि सरळ डोळ्यांत गेलं. मी बाहीने डोळे पुसले.

अरे देवा! डोळ्यांत निखारा घातल्यासारखं झालं! मी दुसऱ्या बाहीने पुसलं, तर दुसरा निखारा! डोळ्यांतून धारा लागल्या, नाकातून धारा लागल्या, मी हुंदके देऊ लागलो. आणि नेमके त्याच वेळी मामलेदारसाहेब बादशहाच्या दयाळूपणाबद्दल बोलत होते! ते थांबले. सगळा मंडप माझ्याकडे पाहू लागला.

"केवढी राजनिष्ठा!" कुणीतरी म्हणालं.

प्रांतसाहेब उठले. स्वतः, खुर्चीवरून! माझ्यापाशी येऊन म्हणाले, "शांत व्हा, पाटील. आपल्या भावना वर कळवण्यात येतील." आणि त्यांनी प्रेमाने माझ्या पाठीवर हात मारला.

एकदा मारला तेव्हा लाल धूर निघाला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा त्यात राखही उडाली. पंखा ओढणाऱ्या शिपायाने साहेबांना वारा लागावा म्हणून जोर केला आणि तो सगळा ढग साहेबांच्या तोंडावर बसला. साहेब शिंकले. अकरा वेळा शिंकले! मामलेदार शिंकले, पहिली रांग शिंकली, बँडवाल्याने शिंकेतच कर्णा फुंकला. मी माफी मागायला वाकलो तर कोटाच्या वरच्या खिशातून कडुलिंबाचा पाला साहेबांच्या बुटांवर पडला.

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन शिपायांनी मला धरून मंडपाच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जाजमावर नेऊन बसवलं. माझी खुर्ची ओल्या फडक्याने पुसली गेली आणि त्यावर मागच्या रांगेतून कोण आलं? हिलाल! डोळे सुजल्यामुळे त्याचा रामराम मला दिसला नाही, एवढीच देवाची कृपा.

घरी पोचलो तो डोळ्यांना ओलं उपरणं बांधून, गाडीत आडवा. दारातूनच ओरडलो, "मन्हा कोटले कोनी हात लाया?"

"मी लाया," धनुफुई अभिमानाने म्हणाली. "कसर लागनी व्हती त्याले. गहूले लावतस तशी राख चोयी, एका खिसामा लिंबना पाला टाका, दुसरामा मिरच्या भरात. आनि तुरनी दायले लावतस तसा फेटाले एरंडेलना हात फिरावा. आते वरीसभर कीड लागाव नही!"

मिरच्या उंदराच्या भोकातून अस्तरात उतरल्या होत्या आणि मी त्या पाठीने दळल्या होत्या; तीच पूड बाह्यांवर बसली होती. मला रडू फुटलं, ते मिरचीचं की मनाचं ते मला सांगता येणार नाही. खुर्ची गेली हो! हातात आलेली खुर्ची!

ती खोली पाडायचीच म्हणून कुऱ्हाड शोधत होतो, तर छबूबाई कुऱ्हाडीवर बसून राहिली. पावसाळा आला. त्या वर्षी दमट हवेने गावभर धान्याला कीड लागली. आमच्या खोलीतल्या एका दाण्याला लागली नाही! बायका पाहायला येऊ लागल्या. दोधू सुतार त्यांना आत नेऊन भिंती वाजवून दाखवू लागला आणि सांगू लागला, "नकाशा चुनीलालदादाना शे!" हलकट!

एके दिवशी दारात घोडी थांबली. हिलाल पाटील!

"चुनीलालभाऊ, तुन्ही खोली देखाले उनू. आम्हना दाणा सगया किडी गया. मले बी आशीच बनाडनी शे."

मी आतून कोट आणायला निघालो. निदान कोटात तरी त्याच्यासमोर बसावं! तो फुईने कधीच खोलीबाहेर काढून गोठ्यात टांगला होता. "दाणाले वास लागी," म्हणाली.

मी तसाच ओसरीवर आलो आणि घरातल्या एकुलत्या एक खुर्चीकडे वळलो.

"तठे नका बठू," छबूबाई हळूच म्हणाली. "पाहुणा शेतस ना. खुर्ची त्यासले द्या."

हिलाल खुर्चीत बसला आणि त्याने मला वरून रामराम केला. मी खाली घोंगडी ओढली आणि बसलो. शहाद्याला निदान जाजम तरी होतं!