ओरोसियाच्या भाराचं मेण

"देवाला बोललेलं फेडताना सूनबाई, गावाला विचारत बसू नकोस," असं सासू मरताना सांगून गेली होती. किटेरियाने विचारलं, आणि तिथेच बिघडलं.

घशाच्या आजारात चार वर्षांची ओरोसिया निळी पडली, तेव्हा किटेरिया घसा सांभाळणाऱ्या संत ब्लासला बोलली होती: लेक वाचली तर तुझ्या सणाला तिच्या भाराइतकं मेण वाहीन. लेक वाचली. मेण घरच्याच मधमाश्यांचं होतं. नवस चुकला तर आजार उलटतो, हे त्या डोंगरगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राहिलं होतं फक्त तोलणं.

पाद्री एलादियोबाबांनी सौम्यपणे सांगितलं की, भाराच्या दाखल्याशिवाय देवळात मेण घेता येत नाही. नगराध्यक्ष एव्हारिस्तोंनी तिला तोरकुआतो खाटकाकडे धाडलं, कारण मोठा तराजू त्याच्याकडेच होता. "जिवंत लिहू की सोललेली?" एवढंच त्याने विचारलं. मांसाचा रत्तल पूर्वापार छत्तीस औंसांचा. ओरोसिया भरली पंधरा रत्तल. दुखणं घशाचं, म्हणून औषधवाल्याचाही दाखला लागला. औषधाचा रत्तल बारा औंसांचा. तिथे ती भरली पंचेचाळीस.

एलादियोबाबांनी दोन्ही कागद वाचले आणि अत्यंत विनम्रतेने दुसरा निवडला. देवळाचा रत्तल मात्र सोळा औंसांचा असतो, असंही ते म्हणाले. तसले पंचेचाळीस भरायला किटेरियाची मधाची सगळी पोळी पिळली तरी मेण पुरलं नसतं.

एव्हारिस्तोंना तिची दया आली.

"देवळाच्या रत्तलाने पंधराच दे, बाई. खाटकाचा कागद पक्का आहे. संत काय औंस मोजत बसतो?"

"लेकीला श्वास देताना त्याने मोजून दिला नाही, साहेब," किटेरिया हळूच म्हणाली.

या उत्तराने प्रश्न गंभीर झाला आणि तीन जणांची समिती नेमावी लागली. समितीने दोन्ही दाखले रद्द केले, कारण राणीसरकारच्या नव्या कायद्याने आता फक्त किलो चालणार होता. किलोची वजनं माद्रिदहून आलेलीही होती; पण पेटीचं सील निरीक्षकासमोरच फोडायचं होतं, आणि निरीक्षक बर्फ वितळल्यावर येणार होता. सण तर चार दिवसांवर. बर्फ वितळेपर्यंत मुलगी वाढेल, हा धोका ओळखून समितीने लेखी सूचना दिली की, निरीक्षक येईपर्यंत तिला बेतानेच जेवू घालावं.

किटेरियाने त्या संध्याकाळी लेकीला वाटीभर डाळ जास्त वाढली.

सणाच्या सकाळी तिने गाढवावर एकसारख्या दोन टोपल्या बांधल्या. एकीत ओरोसियाला बसवलं आणि दुसरीत मेणाच्या ढेपा ठेवत गेली, खोगीर सरळ होईपर्यंत. त्या गावात खरबुजांपासून दगडांपर्यंत सगळं असंच लादत. भार कमीजास्त झाला की खोगीर कलंडतं. घ्यायला मोठा आणि द्यायला लहान, असे दोन रत्तल न बाळगणारं गावात तेवढं एकच जनावर होतं. हसू आलेल्यांनी आपल्या देवघरातला तराजू आधी पाहावा.

कचेरीच्या दारातून समितीने पाहिलं. गाढवावर सरकारी शिक्का नसल्याची नोंद झाली.

किटेरियाने लेकीच्या गळ्याभोवती लोकरी पट्टा नीट गुंडाळला, दोरी हातात घेतली आणि संताच्या टेकडीची वाट धरली.