अर्धी सुई आणि माझे न दुखणारे पाय

मंडळी, पाय असावेत तर माझ्यासारखे! हे मी उगाच सांगत नाही. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. अठरा बायका, अठरा मशीन आणि दिवसाचे नऊ तास मी उभा! आत बाहेरच्या चपला चालत नाहीत, म्हणून बाकीच्या सगळ्या रबरी सपाता घालतात. मी मात्र नुसत्या काळ्या मोज्यांवर. संध्याकाळी बायका 'आई गं' करत टाचा चोळत बसतात, तेव्हा मी शीळ घालत घरी निघतो. गेल्या तीन वर्षांत पाय दुखणं म्हणजे काय हे मी विसरूनच गेलो होतो! शुगर आहे मला, सात वर्षं झाली, पण तिनेही कधी त्रास दिला नाही. गोळी आठवली तर घेतो, नाही आठवली तर तीही रागवत नाही.

त्या दिवशी सकाळी सकाळी इस्त्रीवाल्या मावशी रजेचा कागद घेऊन समोर उभ्या.

"मास्तर, दुपारनंतर सुट्टी हवी. साडेतीनला पायांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय."

"पायांना कसला डॉक्टर, मावशी?"

"टाच ठणकते हो. दोन महिने झाले. सकाळी पाऊल टेकवत नाही."

"अहो, माझ्याकडे बघा! मी कधी बसलेला दिसतो? मनावर घेतलं की दुखतं. सोडून द्या!"

मावशींनी माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कागदाची घडी करून परत गेल्या. मला वाईट वाटलं, पण करणार काय? संध्याकाळी पाच वाजता दोनशे चाळीस पांढरी झबली घेऊन टेम्पो निघणार होता, आणि इस्त्री कोण करणार, मी?

अकराच्या सुमाराला 'कट्' असा आवाज आला. बटणवालीच्या मशीनची सुई तुटली!

आता तुम्हाला वाटेल, सुई तुटली तर दुसरी लावा. नाही! आमच्याकडे तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, जुळवून बघायचे आणि चिकटपट्टीने वहीत चिकटवायचे असा नियम आहे. एक तुकडा जरी मिळाला नाही तरी सगळा माल जागच्या जागी थांबतो. बरोबरच आहे. झबल्यात राहिलेलं टोक एखाद्या बाळाच्या पाठीत घुसलं म्हणजे?

मी धावत गेलो. बटणवाली रडवेली झाली होती.

"मास्तर, वरचा भाग इथे आहे. टोक उडालं."

"घाबरू नकोस! मी आलोय ना? पाच मिनिटांत शोधतो!"

पाच मिनिटांचे दोन तास झाले. मशीन उलटं केलं, डबे झाडले, बटणं एकेक करून मोजली. बटणवालीची वेणीसुद्धा सोडून बघितली! टोक कुठेच नाही. मग मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, स्वतः खाली आल्या आणि कपाटातून ते हातात धरायचं सुया शोधायचं यंत्र काढून माझ्याकडे दिलं. लोखंड जवळ आलं की ते टीं टीं करतं.

मी जमिनीवरून यंत्र फिरवायला लागलो. पहिल्याच पावलाला टीं टीं!

"सापडली!" मी ओरडलो. सगळ्या बायका गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागल्या. काही नाही. दोन पावलं पुढे गेलो. टीं टीं! खिडकीपाशी गेलो. टीं टीं! इस्त्रीच्या टेबलापाशीही टीं टीं!

"मॅडम, हे गंभीर आहे," मी आवाज खाली आणून म्हणालो. "सगळी जमीन सुयांनी भरलीय!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमच्या पट्ट्याचं बक्कल वाजत असेल हो."

मी पट्टा काढला. टीं टीं! घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, चिल्लर काढली. तरी टीं टीं! एका हातात यंत्र, दुसऱ्या हाताने पँट धरलेली, असा मी कारखानाभर शोध घेत फिरत होतो.

"सगळ्या टेबलांच्या मधे पांढरं कापड अंथरा!" मी हुकूम सोडला. "झाडून सगळा कचरा त्यावर घ्या. सुई उठून दिसेल."

कापड अंथरलं. मी त्यावरून दोन फेऱ्या मारल्या आणि थबकलो. कापडावर लाल ठिपके! ताजे!

"रक्त!" मी गरजलो. "कुणाच्या तरी बोटात सुई गेलीय आणि ती लपवतेय! सगळ्यांनी हात दाखवा!"

अठरा बायका रांगेत उभ्या राहिल्या. छत्तीस हात पुढे आले. मी एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. एकही टोचलेलं नाही. रांगेच्या टोकाला पोचून मागे वळतो तो काय, रांगेसमोर ठिपक्यांची नवी ओळ!

"आत्ताच सांडलंय हे! माझ्या डोळ्यांदेखत! कोण आहे ती?"

तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली.

"मास्तर," त्या शांतपणे म्हणाल्या, "ठिपके तुमच्या मागे मागे फिरतायत."

मी एक पाऊल डावीकडे टाकलं. एक ठिपका. एक पाऊल उजवीकडे. आणखी एक! सतरा जणींनी पदर तोंडाला लावला, आणि अठरावीने, म्हणजे बटणवालीने, सरळ 'अगं बाई!' म्हणून बोंब ठोकली.

मला बाकावर बसवलं. मोजा काढायला गेलो तर तो टाचेशी अडकला. मॅडमनी कापडाची कात्री घेतली आणि कराकरा मोजा कापला. उजव्या टाचेत सुईचं टोक खोल रुतलेलं, जेमतेम तांदळाएवढं बाहेर!

"हात्तिच्या! एवढंच?" म्हणत मी चिमटीत धरायला गेलो, तर मावशींनी माझ्या हातावर फटका मारला.

"हात लावू नका! आत तुटलं तर?"

"मला दुखत नाहीये, मावशी."

"तेच तर म्हणतेय मी! एवढी सुई टाचेत घेऊन चार तास नाचलात आणि दुखलं नाही?" मावशींनी घड्याळ बघितलं. "सव्वातीन. माझा साडेतीनचा नंबर आहे. चला!"

तर मंडळी, अशी आमची वरात निघाली. मी एका पायावर, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मॅडम. मॅडमच्या काखेत सुयांची वही आणि चिकटपट्टी, कारण टोक मिळाल्याशिवाय टेम्पो निघणार नव्हता!

पायांच्या डॉक्टर बाई होत्या, हसतमुख. त्यांनी मला पालथं झोपवलं, सुई हळूच काढली. "दुखलं?"

"अजिबात नाही!" मी अभिमानाने म्हणालो.

मॅडमनी टोक पुसून घेतलं, वहीतल्या अर्ध्या सुईला लावून बघितलं आणि आनंदाने ओरडल्या, "जुळलं! पूर्ण जुळलं!" मग कारखान्यात फोन, "भरा टेम्पो!" वहीत एक रकाना असतो, 'तुकडा कुठे सापडला'. मॅडमनी लिहिलं, 'सुपरवायझरच्या टाचेत'. खाली तपासणाऱ्याची सही लागते. तपासणारा मीच. पालथ्या पालथ्याच सही केली.

धनुर्वाताचं इंजेक्शन दंडात दिलं तेव्हा मात्र मी असा किंचाळलो की बाहेरचे दोन पेशंट घरी निघून गेले. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

"म्हणजे दुखणं तुम्हाला माहीत आहे. डोळे मिटा. पायाला हा बारीक दोरा लावते. कळलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. मावशींना निरोगी पाय कसा असतो ते दाखवायची ही संधीच होती! वाट बघितली. आणखी वाट बघितली.

"करा की सुरू, डॉक्टर! मी तयार आहे."

"दहा ठिकाणी लावून झालं," डॉक्टर म्हणाल्या.

मी डोळे उघडले. कुणीच हसत नव्हतं.

"शुगर किती वर्षं? सात? गोळ्या?"

"आठवतील तशा."

"तुमचे पाय मजबूत नाहीत, मास्तर, बधिर झालेत. दुखत नाही, हाच तुमचा आजार आहे. दोन दिवस असेच हिंडला असतात तर टाच आतून सडली असती. अशा जखमांनी पाय जातात."

"जातात म्हणजे?"

"कापावे लागतात."

खरं सांगतो, माझं पाणी पाणी झालं. नऊ तास उभा राहणारा मी, त्या टेबलावर उठून आपली दोन्ही पावलं गच्च धरून बसलो आणि मला रडू आलं. मॅडमनी वही मिटली. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सकाळी मी त्यांना काय काय बोललो होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, तुमचा नंबर मी खाल्ला," मी पुटपुटलो.

"नाही खाल्लात," डॉक्टर म्हणाल्या. "या मावशी, बसा." आणि त्यांनी मावशींची टाच दाबली.

"आई गं!"

"छान! टाचेखालचा पट्टा सुजलाय. मऊ, जाड तळव्याच्या चपला, थोडा व्यायाम, बरं होईल. पाय अगदी जागे आहेत तुमचे."

मला मात्र फर्मान निघालं. गोळ्या वेळेवर. पायात काहीतरी घातल्याशिवाय एक पाऊल नाही. रोज आरशात तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. जखम, फोड, सूज, बदललेला रंग, काहीही दिसलं तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी यायचं.

घरी हे ऐकून बायकोने आधी मला तासभर फैलावर घेतलं. मग बॅटरी आणि हातआरसा घेऊन आली. तेव्हापासून रोज सकाळी मी पलंगावर पाय वर करून, आणि ही परीक्षकासारखी गंभीर. टाच भरत आली, गोळ्या सुरळीत, सगळं छान चाललं होतं.

तिसऱ्या आठवड्यात हिने पहिल्यांदाच करंगळी उचलून खाली बघितलं आणि हिचा हात थांबला.

"अहो! करंगळीच्या खाली काळा डाग आहे!"

"काळा?"

"कुळकुळीत!"

पायाखालची जमीनच सरकली! चहा तसाच ठेवून, एकमेकांच्या चपला घालून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, भिंग लावलं. मी देवाला, सासूबाईंना, सगळ्यांना शब्द देऊन मोकळा झालो. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"कधीपासून आहे हा?"

"आजचाच!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मला तसं वाटत नाही. घरात मोठं कुणी आहे? विचारून बघा."

बायकोने माझ्या आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"अरे मूर्खा, तो तीळ आहे! जन्मल्या दिवशी सुईणीने दाखवला होता मला. एक्कावन्न वर्षांचा झालास, स्वतःचा पाय कधी बघितला नाहीस?"

दवाखान्यात कुणाला हसू आवरेना. "बघून यायला सांगितलं होतं, आलात, हे अगदी योग्य केलंत," असं म्हणत डॉक्टरांनी माझ्या कार्डावर काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मी वाचलं: 'तीळ. जुना, निरुपद्रवी. पेशंटची त्याच्याशी आज पहिलीच भेट.'