तिसरा पुकारा

आमच्या घरातील दूरदर्शन संचास त्या वर्षी रोज सायंकाळी सात वाजता शपथ दिली जात असे.

शपथ देणारे होते आमचे समोरचे शेजारी मारोतराव. अंबडच्या न्यायालयात पट्टेवाला म्हणून त्यांनी एकतीस वर्षे पुकारा केला. निवृत्त होताना पितळी बिल्ला त्यांनी परत केला. आवाज मात्र परत करण्याचे राहून गेले. व्हरांड्यातून त्यांनी पक्षकाराचे नाव घेतले की हॉटेलात बसलेला मनुष्य चहा अर्धा टाकून धावत सुटे, आणि कधीकधी ज्याचा खटलाच नाही असाही कोणी घाबरून हात जोडून उभा राही.

सीमेवर लढाई पेटली आणि केबलवर पुढाऱ्यांच्या चर्चा सुरू झाल्या. मारोतरावांकडे संच नव्हता. बिल्ल्याच्या जागी उपरणे तिरके टाकून ते आमच्याकडे येऊ लागले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गुर्जी, तुमची गीता द्या जरा."

"मारोतराव, ती नित्य पाठाची आहे."

"मंग सोवळ्यात ठिवू. पन बिगर शपथेचं ह्यांचं एक अक्षर मी ऐकणार न्हाई."

त्यांच्या मुद्रेवरील निष्ठा पाहून मला नकार देववेना. रेशमी वस्त्रात गुंडाळलेली गीता संचावर विराजमान झाली. संच तापतो म्हणून खाली मी पाटही घातला. आमची मंडळी म्हणाली, "भगवंतांनी अर्जुनाचा रथ हाकला, आता हा डबा हाकताहेत."

"ईश्वरसाक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार न्हाई. म्हणा!" मारोतराव संचास बजावत. संच म्हणत नसे. त्यावर कोणत्या तरी साबणाची जाहिरात लागे. "बघा, सुरुवातीलाच टाळून राह्यला," असे म्हणून ते मांडी घालून बसत.

त्यांचा प्रश्न एकच होता. त्यांचा एकुलता मुलगा दिगंबर सैन्यात होता आणि त्याची पलटण बर्फाच्या डोंगरावर चढली होती. मारोतराव विधुर, मुलाचे बारीक अक्षर दिसत नसल्याने पत्रे माझ्याकडून वाचून घेत. शेवटच्या पत्रात एक ओळ होती : 'इथं थंडी लई हाये, बूट ओले ऱ्हातेत.' त्यानंतर पत्र नाही. म्हणून पडद्यावर कोणीही पुढारी अवतरला की मारोतराव गुडघ्यावर उठून विचारत, "पोरांना बर्फातले बूट बराबर मिळाले का न्हाई?"

सत्तेतील पुढारी म्हणे, "आमच्या जवानांचा स्वाभिमान..."

"स्वाभिमान पायात घालतेत का?"

विरोधातील पुढारी म्हणे, "हे सरकार झोपले होते!"

"तुम्ही जागे होते ना? मंग तुम्ही सांगा. बूट!"

दोघेही एकाच वेळी बोलू लागत आणि सूत्रसंचालक हसत हसत तिसराच विषय काढी. मारोतराव मग उभे राहत. छाती भरून त्या पुढाऱ्याचे नाव घेत आणि "हाजिर होऽऽ" असा पुकारा करत. एकदा, दोनदा, तीनदा. फडताळातील भांडी किणकिणत. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर नोंद होई : सत्तेतले, गैरहजर. विरोधातले, गैरहजर. सूत्रसंचालकापुढे एकदा मी 'फितूर' हा शब्द वाचला.

पाहता पाहता आमची ओसरी भरू लागली. गल्लीतील माणसे चर्चा पाहण्यास नव्हे, मारोतरावांची उलटतपासणी ऐकण्यास येत. मलाही पाठ आटोपताच घड्याळाकडे पाहण्याची सवय लागली, हे कबूल करतो.

लढाई थांबल्याचे जाहीर झाले, तरी दिगंबरची पलटण वरच होती. तेवढ्यात निवडणूक लागली आणि चर्चांना नवा ऊत आला. विजय कोणाचा, यावर पुढारी भांडू लागले. उमेदवार आमच्या गल्लीतही आले. मारोतरावांनी ओट्यावरून त्यांचा पुकारा केला. इतक्या भारदस्त आवाजात आपले नाव त्या सद्गृहस्थांनी जन्मात ऐकले नसावे. ते हात जोडून हसले आणि कार्यकर्त्यांना ती घोषणाच वाटून त्यांनी "विजय असोऽ" म्हणून साथ दिली.

"विजयाचं मागून बघू. बूट मिळाले का?"

"काका, तुमच्या भावना आम्ही दिल्लीपर्यंत पोचवू."

"भावना न्हाई, बूट पोचवा!"

ताशा जोरात वाजू लागला. उमेदवार पुढे सरकले. मारोतरावांनी त्यांच्या पाठीवर उरलेले दोन पुकारे केले आणि दिनदर्शिका मागवली.

मला वाटले, आता हे मतदानास जाणार नाहीत. परंतु त्या दिवशी पहाटे स्नान करून ते मला हाक मारण्यास आले. मतदान केंद्रावर अधिकाऱ्याने यादीतून पुटपुटत त्यांचे नाव वाचले मात्र, "हाजिर!" अशी आरोळी उठली. अधिकाऱ्याच्या हातातील शाईची बाटली कलंडली. बाहेर पडल्यावर निळे बोट उंचावून म्हणाले, "एका पुकाऱ्यात आलो, गुर्जी. मी त्यांना इचारतो, मंग मी गैरहजर कसा ऱ्हाऊ?"

तो सारा दिवस मोठ्या उत्साहात गेला. सायंकाळी मारोतराव नेहमीप्रमाणे आपल्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. दिवेलागणीस ते मुलाच्या नावाने हाक देत, हे गल्लीस ठाऊक होते. मत्स्योदरीच्या टेकडीकडे तोंड करून त्यांनी साद घातली : "दिगंबर मारोतीऽऽ". थोड्या वेळाने पुन्हा, "दिगंबर मारोतीऽऽ". आणि वळून आत जाऊ लागले.

त्या दिवशी प्रथमच माझ्या ध्यानी आले, की ते दोनवरच थांबतात. आचमन असो वा प्रदक्षिणा, आरंभिलेले कर्म अपुरे ठेवू नये, हा माझ्यावरील जन्माचा संस्कार. दिवसभराचा उत्साहही अंगात होताच. म्हटले, तिसरा आपण द्यावा. मी आमच्या ओट्यावरून आवाज लावला, "दिगंबर मा..."

मारोतराव नाली ओलांडून अनवाणी धावत आले आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. सबंध आयुष्यात त्या हाताने मला कधी स्पर्श केला नव्हता.

"तिसरा न्हाई, गुर्जी," ते म्हणाले. न्यायालय दुमदुमवणारा तो आवाज मला कसाबसा ऐकू आला. "तिसरा झाला की गैरहजर मांडावं लागतं."

मग भानावर येऊन त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. त्या दिवशी संच लावला नाही.

पत्र आले आठव्या दिवशी. मारोतराव ते फोडल्यावाचून धावत घेऊन आले. मी वाचले : तब्येत ठीक, जेवण चांगले, काळजी नसावी, गुरुजींना नमस्कार. बुटांविषयी एक अक्षर नव्हते.

"पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. "बुटाचं?"

"नाही लिहिले."

ओसरीवरील सर्वांचे डोळे दिनदर्शिकेकडे गेले. मारोतरावांनी पत्र घडी करून उपरण्यात बांधले. "हा बी टाळून राह्यला," ते म्हणाले. "बापाला बराबर वळखतो." आणि पेन्सिलीस त्यांनी हात लावला नाही.

सायंकाळी पुन्हा दोनच पुकारे झाले. मुलगा अजून घरी कुठे आला होता? मी देवापुढे बसलो होतो. पाठ संपत आला. "ॐ शान्तिः शान्तिः" एवढे म्हणून मी थांबलो. तिसरा उच्चार ओठांवर आला होता. आयुष्यात प्रथमच तो मी तसाच ठेवला आणि हात जोडले.