दीड इंची दोराच्या कप्प्या

न मोजता प्रबुद्धनं आयुष्यात एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे होडी. कांदिवलीच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. झाकण केसभर सैल असलं तरी अख्खा ट्रक परत पाठवायचा. खिशात पेनाऐवजी जाडी मोजायचा कॅलिपर. वर्सोव्याच्या रोनाल्डबरोबर अर्ध्या भागीदारीत त्यानं एक जुनी शिडाची होडी घेतली आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांना रविवारच्या फेरीचं आमंत्रण देऊन टाकलं.

सासरे धोंडिराम गोदीत जड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, "मुलगा करतो काय?"

"तपासणी," रश्मी म्हणाली होती.

"म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतो," असं म्हणून त्यांनी चहा संपवला होता. त्याला नऊ वर्षं झाली. जावयाबद्दल दुसरं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. या रविवारी ते निघावं, एवढ्यासाठी प्रबुद्ध समुद्रात उतरायला तयार होता.

अडचण एकच होती. शीड चढवायचा दोर ज्यांतून ओढतात त्या चारही लाकडी कप्प्या कुजलेल्या निघाल्या.

"नव्या मागव ना," रोनाल्ड फोनवर म्हणाला. "दोर दीड इंची हाय."

प्रबुद्धनं ऑनलाइन दुकानात 'दोराची जाडी' या रकान्यात दीड इंचाचे मिलिमीटर करून भरले आणि खाली सूचना लिहिली : '३८.१० मिमी. ३८ चालणार नाही.'

शनिवारी दुपारी वॉचमन आणि डिलिव्हरीवाला, दोघांनी मिळून खोकं वर आणलं. आत चार लोखंडी कप्प्या होत्या. एकेक फणसाएवढी.

रश्मीनं एक उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. "ह्या होडीला लावायच्या, की होडी ह्यांना टांगायची?"

"माप बरोबर आहे," प्रबुद्ध म्हणाला. पण त्याचा आवाज बरोबर नव्हता. त्यानं रोनाल्डला फोन लावला. "दीड इंच मोजलंस कुठून?"

"कुठून म्हंजे? दोराभोवती सुतळी गुंडाळायची, मग ती सुतळी मोजायची. माझा बाबा तसाच मोजायचा, आजा पण."

"अरे, तो घेर झाला! जाडी जेमतेम बारा मिलिमीटर! सगळं जग जाडी मोजतं!"

"मग जगाला विचारायचं होतं. मला कशाला विचारलंस?"

दुकान माल परत घेत नव्हतं. "पप्पांना खरं सांगून टाक," रश्मी म्हणाली. "हसतील नि विसरतील."

"ते विसरणाऱ्यांतले नाहीत," प्रबुद्ध म्हणाला. "आणि हसणाऱ्यांतले तर नाहीतच."

रश्मीनं खोक्यावरचं बिल, त्यावर छापलेल्या सूचनेसकट, एकदा वाचलं आणि फोन घेऊन ती गॅलरीत गेली.

रविवारी सकाळी प्रबुद्ध आणि रोनाल्डनं त्या कप्प्या होडीवर चढवल्या. बारीक दोर चाकावरून घसरून बाजूच्या फटीत अडकायला लागला. तेव्हा कप्प्या बदलता येत नाहीत तर दोर बदलू, असं ठरलं. रोनाल्डच्या मेहुण्याच्या ट्रॉलरवरून मनगटाएवढा जाड दोर आला. कप्पीत तो झकास बसला, पण आता डोलकाठी नमस्कार केल्यासारखी वाकली आणि होडी एका कुशीवर झाली. ती सरळ करायला दुसऱ्या बाजूला वाळूची पोती भरली. एवढ्यात खाडीला ओहोटी लागली आणि पोत्यांसकट होडी चिखलात रुतून बसली.

"वाट लागली," रोनाल्ड म्हणाला.

"जय भीम," मागून आवाज आला. रश्मीबरोबर धोंडिराम उभे होते.

त्यांनी होडी पाहिली. पोती पाहिली. मग बराच वेळ कप्प्या पाहिल्या. शेवटी चपला काढून त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. "काढा ह्या वरून. दोन धक्क्याच्या कडीला बांधा, दोन होडीच्या टोकाला. तो जाड दोर आणा."

त्यांनी दोर कप्प्यांतून फिरवून घेतला आणि गोदीतला जुना आवाज लावला, "होऽऽ... हे!" चौघांच्या तिसऱ्या हिसक्याला होडी चिखलातून सुटली आणि पाण्यावर आली. धक्क्यावरच्या जाळी विणणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आमचे जावई," धोंडिराम त्यांना मोठ्यानं म्हणाले. "होडी रुतणार हे आधीच ओळखून सामान आणलंय."

प्रबुद्धची मान ताठ झाली. नऊ वर्षांनी दुसरं वाक्य आलं होतं, आणि तेही चारचौघांत. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटून घेतलं.

बायका पुन्हा जाळ्यांकडे वळल्या, तसं धोंडिरामांनी पिशवीतून एक पुडकं काढून त्याच्या हातात ठेवलं. आत चार छोट्या कप्प्या होत्या. प्रबुद्धचा हात आपोआप खिशातल्या कॅलिपरकडे गेला.

"बाराच्या आहेत. मोजू नका," धोंडिराम म्हणाले. "काल रश्मीनं फोनवर बिल वाचून दाखवलं."

प्रबुद्धनं बायकोकडे पाहिलं. ती मढच्या फेरीबोटीकडे बघत होती.

"गोदीत चाळीस वर्षं लोकांच्या चुका निस्तरल्या, जावईबापू," धोंडिराम होडीत चढत म्हणाले. "पण दशांशाच्या पुढे दोन आकडे लावून केलेली चूक पहिल्यांदाच बघितली. काम चोख आहे तुमचं."