धूळधाण तोफेची भेग आणि रखमाजी तांबटावर आलेला संशय

श्री. ज्याचे कृपेने तडकलेले वेळीच नजरेस येते त्या देवास नमन करून कथिले जाते ऐसे जे, शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सरे, आश्विन मासी एका राज्यात कोणाचा कोणावर विश्वास म्हणून उरला नव्हता. आचाऱ्याने पातेल्यावर झाकण ठेविले तरी हेर पुसत, झाकले काय? बुरुजावरील थोरली तोफ धूळधाण, तीवर मात्र सर्वांचा भरवसा. ऐशा समयी तोफखान्याचे पारखी रखमाजी तांबट यांस तोफेचे कानापाशी, जेथे बत्ती देतात तेथे, केसाएवढी भेग दिसली. त्यांचा जावई हैबती त्याच तोफेचा गोलंदाज. मग त्यांनी तेल चोळिले, पुसून काढिले, वर खडूची पूड भुरभुरविली आणि आत मुरलेले तेल पुडीवर उमटून भेगेची लांबी कळली. टोकास त्यांनी गोल टोच्याने खूण केली. दोन बार जाहले आणि भेग खुणेपुढे एक बोट गेली. आणखी दोन जाहले आणि खुणेपुढे एकूण तीन बोटे गेली. मग रखमाजींस उमगले की ही वरवरची नव्हे, आत उतरली आहे आणि दर बारास पाऊल लांब टाकिते. दसऱ्याचे सलामीस तोफ फुटणार.

मग त्यांनी हुजूर अर्ज केला. तोफखान्याचे दरोगा विसोपंत हसोन बोलिले, "टाचेस भेगा पडल्या म्हणून कोणी चालणे सोडितो काय? तांबट फितूर दिसतो. तोफ मुकी राहावी हे शत्रूसच हवे." महाराजांचे मनी किंतु आला. दसऱ्याचे सकाळी जातीने बुरुजावर आले आणि पूजेचा शेंदूर खरवडविला आणि तेल-पूड करून पाहतात तो भेग खुणेपाशीच थांबलेली! दरबार खदखदा हसला. हैबतीने मान खाली घातली. रखमाजी खुणेवर बोट फिरवीत राहिले आणि म्हणाले, "म्हाराज, ही खूण माझी न्हवं. माझा टोच्या गोल, ही चौकोनी हाय."

पंत सहज बोलिले, "काल खंडेनवमी. रिवाजाप्रमाणे शस्त्रांवरील साऱ्या खुणा नव्याने कोरविल्या. भेग जेथवर होती तेथे कोरिली. चुकले काय?"

मग रखमाजींनी सुईने शेंदूर उकरिला, तो तीन बोटे मागे त्यांची गोल खूण बुजलेली निघाली. महाराज बोलिले, "दोन्ही खुणा तुझ्याच नसतील कशावरून? आणि पंत, भेग वरवरचीच ना? मग आज बत्ती तुम्ही द्यावी." पंत बोलिले, "देतो, परंतु वात लांब असावी." "किती?" "पलीकडील बुरुजापर्यंत." या वेळी कोणी हसले नाही. मग सर्व मंडळी भिंतीआड गेली आणि वात पेटली आणि तोफ नेमकी भेगेवर उकलून अर्धी खंदकात पडली. कोणास ओरखडा नाही. रखमाजींनी जावयास पोटाशी धरिले आणि भर दरबारात रडले.

मग लोक म्हणू लागले, फुटणार हे यास आधी कळले कैसे? यानेच काही केले असेल. सबब रखमाजी चौकीत कैदेत बसले आणि पंत नव्या तोफेचे दरोगा जाहले.

तात्पर्य इतुकेच की तोफ गेली, गोलंदाज राहिला. हैबती रोज चौकीत भाकरी नेई, दोन्ही हातांनी पुढे करी. रखमाजी आधी ते हात पाहत, मग जेवीत. जाहले ते लिहिले. लिहिणाराचे नाव पुसू नये, दिवस संशयाचे आहेत.